आधी नाव, मग खाण

१८६० साली ‘बुलडॉग’ नावाचे ब्रिटिश जहाज उत्तर अटलांटिकची खोली मोजत फिरत होते. युरोप आणि अमेरिका यांना जोडणारी तार समुद्रतळावरून न्यायची होती आणि तळ कसा आहे, हे नीटसे कोणालाच ठाऊक नव्हते. जहाजावर जॉर्ज वॉलिच हे निसर्गअभ्यासक होते. जन्म कोलकात्याचा, पेशाने डॉक्टर. वडील तिथल्या वनस्पती-उद्यानाचे प्रमुख. एके ठिकाणी १,२६० वाव, म्हणजे सुमारे २,३०० मीटर, खोल सोडलेली दोरी वर ओढली, तेव्हा तिच्या तळावर पडून राहिलेल्या भागाला तेरा भंगुरतारे चिकटून आलेले दिसले.

इतक्या खोलवर काही जगत असेल, हे मानायला तेव्हाचे बहुतेक शास्त्रज्ञ तयार नव्हते. एडवर्ड फोर्ब्ज यांनी एजियन समुद्रात जाळी ओढून पाहिली होती आणि खोली वाढते तसे जीव कमी होत जातात, ३०० वावांच्या खाली ते संपतच असावेत, असा तर्क मांडला होता. तर्क काही वेडगळ नव्हता. अंधार, थंडी आणि पाण्याचा प्रचंड दाब यांत काय टिकणार? त्याआधी १८१८ मध्येच बॅफिनच्या उपसागरात जॉन रॉस यांच्या दोरीला हातांना फांद्या फुटलेला एक मोठा जीव गुंतून आला होता. तोही भंगुरताऱ्यांच्याच गोतातला. पण त्याची म्हणावी तशी दखल घेतली गेली नाही. वॉलिच यांच्या तेरा जीवांबद्दलही शंका निघालीच: दोरी वर येताना मधल्या पाण्यात चिकटले असतील! वॉलिच यांनी त्यांची पोटे उघडून पाहिली. तळाच्या गाळात ज्या सूक्ष्म कवचांचा खच होता, तीच कवचे पोटात होती. म्हणजे हे प्राणी तळावर चरत होते.

खोल समुद्र ओसाड असल्याची समजूत त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत निकालात निघाली. त्यात इतर मोहिमांचाही वाटा मोठा आहे. मला या प्रकरणातला एकच मुद्दा उचलायचा आहे. वॉलिच यांच्याजवळ ‘आम्ही पाहिले’ एवढीच साक्ष नव्हती. वस्तू हातात होती. ती उघडून तपासता येत होती आणि शंका घेणाऱ्यापुढेही ठेवता येत होती. प्रजातीचे वर्णन करण्याचा उद्योग आजही याच पायावर उभा आहे, आणि नेमका तोच आज संथ, जुनाट, कारकुनी म्हणून अडगळीत पडतो आहे. त्याच वेळी, ज्या तळावर हे जीव राहतात तिथून धातू उपसायची तयारी जोरात चालू आहे. माझे म्हणणे असे की, या दोन गोष्टी सुट्या सुट्या पाहताच येत नाहीत. तिथे कोण राहते हे नावानिशी सांगता येत नसेल, तर काय नष्ट होणार याचा हिशेब कोणी मागूही शकत नाही आणि कोणी देऊही शकत नाही.

भंगुरतारा हा तारामाशाचा चुलतभाऊ. मध्ये एक चपटी तबकडी आणि तिच्यापासून निघालेले, बहुधा पाच, बारीक लांब हात. तारामाशाचे हात शरीरातूनच हळूहळू निमुळते होत जातात. याचे हात तबकडीला जोडल्यासारखे स्पष्ट वेगळे दिसतात. हातांच्या आत एकापुढे एक मणक्यांची रांग असते. त्यामुळे तो सापासारखे हात वळवत सरपटतो आणि धरायला जावे तर हात तोडून पसार होतो. तुटलेला हात पुन्हा येतो. गुदद्वार नाही, तोंडातून आत घेतलेले, नको असेल ते तोंडातूनच बाहेर. आजवर सुमारे २,१०० प्रजातींना नावे मिळाली आहेत. किनाऱ्यावरच्या दगडांखालीही ते असतात, पण त्यांचे खरे राज्य खाली आहे. खोल समुद्रतळाची छायाचित्रे पाहिली, तर गाळावर हात पसरून बसलेले भंगुरतारे हमखास दिसतात. तळावरच्या मोठ्या प्राण्यांत ते संख्येने नेहमीच वरच्या रांगेत असतात.

आता एका प्रजातीची कहाणी. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला न्यू कॅलेडोनिया हा फ्रान्सच्या अखत्यारीतला बेटसमूह आहे. तिथल्या समुद्रात, पाण्याखालच्या एका डोंगरावर, २०११ मध्ये एका फ्रेंच मोहिमेने ३६० ते ५६० मीटरांच्या दरम्यान जाळे ओढले. जाळ्यात आलेल्या शेकडो प्राण्यांबरोबर एक भंगुरताराही आला. तो अल्कोहोलमध्ये घालून पॅरिसच्या राष्ट्रीय निसर्गेतिहास संग्रहालयात रवाना झाला. २०१५ मध्ये मेलबर्नच्या संग्रहालयातले टिम ओहारा तिथे गेले असताना त्यांच्या नजरेला तो पडला. हात आठ होते, पाच नव्हे. प्रत्येक हात सुमारे १० सेंटिमीटर लांब, तबकडी जेमतेम ३ सेंटिमीटरची. आणि जबडे अणकुचीदार दातांनी भरलेले. ओळखीच्या कुठल्याच कुलात तो बसेना.

पुढे काय काय करावे लागले, ते पाहण्यासारखे आहे. डीएनए तपासला. क्ष-किरणांच्या सूक्ष्म स्कॅनरमधून आतला सांगाडा न फोडता पाहिला. लक्झेंबर्गचे जीवाश्मतज्ज्ञ बेन थुई यांना त्याच्या सांगाड्याची ठेवण पाहून उत्तर फ्रान्समधल्या ज्युरासिक काळच्या खडकांतले बारीक अवशेष आठवले. डीएनएचा हिशेब आणि जीवाश्मांचा पुरावा एकमेकांना दुजोरा देत होते: ही शाखा इतर जिवंत भंगुरताऱ्यांपासून सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वी वेगळी झालेली. ओहारा, थुई आणि अँड्र्यू ह्यूगल यांनी २०२१ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले. नाव ऑफिओज्युरा एक्सबोडी. पहिला शब्द ज्युरासिकवरून, दुसरा त्या मोहिमेच्या नावावरून. त्या एका नमुन्यासाठी नवे कुलच मांडावे लागले.

वर्तमानपत्रांच्या भाषेत ही ‘नवी प्रजाती सापडली’ अशी बातमी होते. पण ती सापडली कधी? २०११ मध्ये जहाजाच्या डेकवर ती सर्वांच्या समोर होती आणि कोणालाच ती वेगळी आहे हे कळले नव्हते. चार वर्षे बरणीत होती, तेव्हाही ती ‘सापडलेली’ नव्हती. शोध लागला तो संग्रहालयातल्या टेबलावर, ज्याने आयुष्यभर भंगुरतारे पाहिले होते अशा एका माणसाच्या डोळ्यांना. समुद्रशास्त्रातले साहस म्हटले की आपल्याला पाणबुड्या आणि रोबो आठवतात. त्यांचा खर्च मंजूर होतो, त्यांचे फोटो छापून येतात. टेबलाशी बसलेल्या माणसाचा पगार मात्र कुठल्याही मोहिमेच्या अंदाजपत्रकात शोधूनही सापडत नाही.

त्या टेबलावर चालते काय? आधी बरणीतली चिठ्ठी वाचायची: मोहीम, ठिकाण, खोली, तारीख. चिठ्ठी हरवली तर नमुन्याची किंमत निम्म्याहून खाली येते. मग प्राणी बशीत घ्यायचा, पाठ वर. तबकडीचा व्यास मोजायचा. भंगुरताऱ्याचे वय सांगणारा दुसरा सोपा आकडा नाही, म्हणून सगळी तुलना या मापाच्या आधाराने होते. तबकडीवर छपरावरच्या कौलांसारखे एकावर एक चढलेले खवले असतात. काही प्रजातींत त्यांवर दाणे किंवा काटे. प्रत्येक हाताच्या मुळाशी तबकडीवर दोन मोठी तकटे असतात. त्यांची लांबी-रुंदी किती, ती एकमेकांना भिडतात की मध्ये खवल्यांची रांग असते, हे टिपायचे. मग प्राणी उलटा करायचा. तोंडाभोवती जबडे, जबड्यांच्या कडेने बारीक उंचवटे. ते किती, टोकदार की चपटे, शेवटचा सर्वांत रुंद आहे का. हाताच्या प्रत्येक पेरावर दोन्ही बाजूंना काटे. मुळाशी किती, मध्यावर किती, टोकाला किती. हाताच्या खालच्या अंगाला नळीसारखे पाय बाहेर यायची छिद्रे असतात, त्यांच्यावर झाकण घालणारे खवले एक की दोन.

एवढे झाले की हाताच्या मधल्या भागाचा एक छोटा तुकडा कापून कपडे धुण्याच्या ब्लीचमध्ये टाकतात. मांस विरघळते आणि सांगाड्याचे सुटे भाग तळाशी पडतात. फार वेळ ठेवला तर सांगाडाही खाल्ला जातो, म्हणून घड्याळाकडे लक्ष ठेवावे लागते. धुऊन, वाळवून हे कण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली जातात. प्रत्येक तुकडा म्हणजे कॅल्साइटचा एकच स्फटिक, पण सगळा जाळीदार. हाताच्या बाजूच्या पट्टीवर जिथे काटा बसतो तिथल्या सांध्याचा आकार हा ओळख पटवायचा सर्वांत भरवशाचा पुरावा. ही पट्टी एक-दोन मिलिमीटरचीही नसते. पण तीच खडकात कोट्यवधी वर्षे टिकते. मेल्यावर भंगुरतारा सुटासुटा होतो, त्यामुळे जीवाश्म अभ्यासकाच्या हाती अनेकदा एवढेच लागते.

मग खरे काम सुरू होते, ते कपाटाशी. अशी दिसणारी आधी कोणी नोंदली आहे का? त्यासाठी ‘चॅलेंजर’ या समुद्रमोहिमेत मिळालेल्या भंगुरताऱ्यांवरचा थिओडोर लायमन यांचा १८८२चा अहवाल चाळायचा. (हे लायमन अमेरिकेच्या यादवी युद्धात जनरल मीड यांच्या हाताखाली होते आणि पुढे काँग्रेसचे सदस्यही झाले. एवढ्या धामधुमीतून माणसाने भंगुरताऱ्यांचे काटे मोजले, याचे मला कायम अप्रूप वाटते.) मग फ्रेंच, जर्मन, जपानी, डॅनिश अभ्यासकांचे ग्रंथ. शंभर वर्षांपूर्वीचे वर्णन चार ओळींचे असते, चित्र धूसर असते, म्हणून मूळ नमुना जिथे ठेवला असेल त्या संग्रहालयात जावे लागते किंवा तो मागवावा लागतो. सगळ्यांशी ताडून पाहिल्यावरच वेगळेपणाचा दावा करता येतो. तो करताना एक नमुना होलोटाइप, म्हणजे त्या नावाचा आधार-नमुना, म्हणून ठरवायचा, संग्रहालयात क्रमांक लावून ठेवायचा आणि ते छापील वर्णनात सांगायचे. आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण संहितेने २००० सालापासून हे बंधनकारक केले आहे.

या शेवटच्या अटीत सगळ्याचे मर्म आहे. वर्णन म्हणजे नोंदवहीतली नोंद नव्हे. तो एक दावा आहे: हा प्राणी यापूर्वी नोंदलेल्या साऱ्यांहून वेगळा आहे, या या कारणांनी, आणि पटत नसेल तर हा घ्या नमुना, तुम्ही पाहा. शंभर वर्षांनी, लेखक हयात नसताना, कोणीही उठून तो दावा खोडून काढू शकतो. आणि खोडतातही. लहान पिल्लांना वेगळी प्रजाती समजून दिलेली नावे पुढे मोठ्यांच्या नावात विलीन झाली आहेत. एकच समजलेल्या प्रजातीतून दोन-तीन निघाल्या आहेत. स्वतःचे खंडन करण्याचे साधन दाव्यासोबतच ठेवून जायचे, अशी शिस्त फारच थोड्या शास्त्रांत आहे.

यावरचा पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप डीएनएवाल्यांचा. काटे कशाला मोजता? मांसाचा कण घ्या, ठरावीक जनुकाचा क्रम वाचा, संगणक गट पाडून देईल. आठवड्यात हजार नमुने होतील. आक्षेपात तथ्य आहे, आणि ते मान्य करायला काहीच जड जाऊ नये. अँफिफोलिस स्क्वामाटा हा जगभर सापडणारा छोटासा भंगुरतारा बाहेरून एकच दिसतो, पण जनुके पाहिली तर त्यात अनेक वेगळ्या शाखा दडलेल्या आहेत. सूक्ष्मदर्शक तिथे हात टेकतो. भंगुरताऱ्यांचे सबंध वर्गीकरणच २०१७ मध्ये डीएनएच्या आधाराने नव्याने मांडले गेले; कितीतरी जुनी कुले मोडली, नवी झाली.

पण त्याच संशोधकांनी लगेच पुढच्या वर्षी काय केले? नव्या कुलांची ओळख सांगाड्यावरून कशी पटवायची, याचा जाडजूड प्रबंध लिहिला. कारण जीवाश्मात डीएनए नसतो. फॉर्मालिनमध्ये ठेवलेल्या जुन्या नमुन्यांत तो बहुधा खराब झालेला असतो. समुद्रतळाच्या छायाचित्रात तर तो दिसतच नाही. ऑफिओज्युराची साखळी १८ कोटी वर्षे मागे जोडली गेली ती सांगाड्यामुळे. नुसता जनुकक्रम हाती असता, तर ‘फार वेगळी शाखा’ एवढेच कळले असते. त्या शाखेचे पूर्वज फ्रान्सच्या खडकात पडले आहेत, हे कोणालाही कळले नसते. आणि जनुकक्रमांच्या जागतिक भांडारात चुकीच्या नावाने चढलेला क्रम कोण दुरुस्त करणार, जर ज्या प्राण्यापासून तो घेतला तो जपूनच ठेवलेला नसेल? यंत्र गट पाडते. गटाला अर्थ देणारा माणूस लागतो, आणि माणसाला वस्तू लागते.

संग्रहालयांचीही गोष्ट तशीच. २०२५ मध्ये ओहारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरच्या संग्रहालयांतल्या अडीच हजारांहून जास्त भंगुरताऱ्यांचा डीएनए एकत्र तपासला. उथळ पाण्यातल्या भंगुरताऱ्यांपेक्षा खोल समुद्रातल्यांचे नाते महासागरांच्या पलीकडेही फार दूरवर जुळलेले आहे, असा निष्कर्ष निघाला. एवढी मोठी मोहीम आज कोणी नव्याने काढली असती, तर तिचा खर्च कुठल्याच देशाला पेलला नसता. हा अभ्यास झाला तो दशकानुदशके बरण्यांत जमत गेलेल्या प्राण्यांतून. बरण्यांत अल्कोहोल कमी झाले की भरणारा माणूस लागतो. तो नोकरीवर नसला, तर २०२५चा असला अभ्यास पुन्हा होणार नाही.

दुसरा आक्षेप वेळेचा. नमुना गोळा झाल्यापासून वर्णन छापून येईपर्यंत सरासरी २१ वर्षे जातात, असा हिशेब २०१२ मध्ये फ्रेंच संशोधकांनी मांडला होता. त्या मानाने ऑफिओज्युराची १० वर्षे म्हणजे घाईच. हा आकडा अनेकदा वर्गीकरणशास्त्राच्या नालायकीचा पुरावा म्हणून पुढे केला जातो. मला तो माणसांच्या टंचाईचा पुरावा वाटतो. २१ वर्षांतला काटे मोजण्याचा भाग काही आठवड्यांचा असतो. बाकीची वर्षे नमुना कोणाची तरी वाट पाहत बसलेला असतो. भंगुरतारे ओळखू शकणारी माणसे जगात मोजकीच, आणि विद्यापीठांत बढतीचे गणित लेखाला किती जणांनी संदर्भ दिला यावर. प्रजातीच्या वर्णनाला दहा वर्षांत चारदा संदर्भ मिळेल. पण तो शंभर वर्षे मिळत राहील. शंभर वर्षे थांबणारी बढती कोणत्याच कुलगुरूने अजून दिलेली नाही.

आणखी एक शंका निघते, आणि ती मला स्वतःला जास्त अवघड वाटते. एका नमुन्यावरून अख्खे कुल मांडायचे? तो विकृत जन्मलेला एखादा प्राणी असला तर? भंगुरताऱ्यांत हातांची संख्या कधीकधी चुकते, हे खरे. खोल समुद्रात मात्र एकच नमुना मिळणे हा नियम आहे, अपवाद नव्हे. वर्णन करायला दुसऱ्याची वाट पाहायची म्हटले, तर निम्म्या प्रजाती कायमच्या वाट पाहत राहतील. उपाय एवढाच की दावा एका पुराव्यावर उभा करू नये: हातांची संख्या, दात, सांधे, जनुके, जीवाश्म असे अनेक स्वतंत्र साक्षीदार उभे करावेत. ऑफिओज्युराबाबत तसे केले गेले, म्हणून तो दावा मला पटतो. फक्त आठ हातांच्या जोरावर तो केला असता, तर पटला नसता. प्राणी मारून बरणीत घालावा का, हा प्रश्नही विचारला जातो. पृष्ठभागावर येईपर्यंत जाळ्यातले बहुतेक प्राणी मेलेलेच असतात. आणि ज्या तळावरून यंत्राने माती उपसायचा बेत आहे, तिथला एक प्राणी जपून ठेवण्यावर नैतिक काहूर माजवणे मला ढोंग वाटते.

म्हणजे आपण यंत्रापाशी आलो. प्रशांत महासागरात हवाई आणि मेक्सिको यांच्या दरम्यान सुमारे ६० लाख चौरस किलोमीटरचा एक पट्टा आहे, क्लॅरियन-क्लिपर्टन नावाचा. त्याच्या तळावर मँगनीज, निकेल, तांबे, कोबाल्ट असलेले बटाट्याएवढे गोळे विखुरलेले आहेत. ते दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर वाढतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तिथून आजवर मिळालेल्या बहुपेशीय प्राण्यांची मोजदाद केली. ५,५७८ प्रजाती भरल्या. त्यांतल्या फक्त ४३६ना नाव होते. दहांपैकी नऊ निनावी. तिथल्या भंगुरताऱ्यांवरच्या स्वतंत्र कामातही, ज्यांचा कोणाला पत्ता नव्हता अशा प्राचीन शाखा निघाल्या.

हे सारे आपल्यापासून दूर आहे, असे वाटायचे कारण नाही. आपल्याकडे खोल समुद्रातला संग्रह करण्याची परंपरा जुनी आहे. ‘इन्व्हेस्टिगेटर’ हे सर्वेक्षण-जहाज मुंबईच्या गोदीत बांधले गेले. त्यावरून डॉक्टर-निसर्गअभ्यासक आल्फ्रेड अल्कॉक यांनी बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्र ढवळून काढले. संग्रह कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये गेला आणि त्यातल्या खोल समुद्रातल्या भंगुरताऱ्यांचे वर्णन रने केलर या ल्योंच्या प्राध्यापकांनी केले. ग्रंथ १८९९ मध्ये कोलकात्यात छापला. हे केलर सिनेमावाल्या ल्युमिएर बंधूंचे मेहुणे. जहाज मुंबईचे, प्राणी आपल्या समुद्रातले, नाव ठेवणारा फ्रान्सचा. १८९९ मध्ये त्याला पर्यायही नव्हता. आता आहे.

गोव्यात दोना पावलाला असलेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ मध्ये स्थापन झाली. तिच्या शास्त्रज्ञांनी २६ जानेवारी १९८१ रोजी ‘गवेषणी’ जहाजावरून बहुधातूंचे गोळे पहिल्यांदा वर आणले. १९८७ मध्ये भारताला या क्षेत्रातल्या अग्रणी गुंतवणूकदाराचा दर्जा मिळाला. २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय सागरतळ प्राधिकरणाशी करार झाला आणि आज हिंदी महासागराच्या मध्यभागी ७५,००० चौरस किलोमीटरचा तळ शोधकामासाठी भारताकडे आहे. हे क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या पाव भागाइतके होते. खोली पाच हजार मीटरांच्या आसपास. १९९७ मध्ये आपल्या शास्त्रज्ञांनी तिथला तळ मुद्दाम ढवळून, गाळ उडाल्यावर जिवांचे काय होते हे पाहण्याचा प्रयोगही केला. त्याबद्दल त्यांचे कौतुक करायला हवे, कारण आधी नुकसान तपासा आणि मग पुढे जा, हा विचार तेव्हा फारशा देशांना सुचला नव्हता.

आता सरकारी आकडे पाहा. त्या क्षेत्रात ३८ कोटी टन गोळे आहेत. त्यांत ९ कोटी २५ लाख ९० हजार टन मँगनीज, ४७ लाख टन निकेल, ४२ लाख ९० हजार टन तांबे, साडेपाच लाख टन कोबाल्ट. मँगनीजचा अंदाज इतक्या बारकाईने करता येतो. मग त्याच चौकटीत किती प्रजातींचे भंगुरतारे आहेत, त्यांतल्या कितींना नाव आहे, कितींचे होलोटाइप कुठल्या कपाटात आहेत, हे धातूंच्या तक्त्याशेजारी एका तक्त्यात का छापले जात नाही? धातू मोजायला रसायनशास्त्रज्ञ नेमले गेले. जीव ओळखायला माणसे तेवढ्याच निश्चयाने नेमली गेली नाहीत.

२०२१ मध्ये ४,०७७ कोटी रुपयांच्या डीप ओशन मिशनला मंजुरी मिळाली. त्यात खोल समुद्रातल्या जैवविविधतेचा एक वेगळा भाग आहे, हे न सांगणे अन्यायाचे होईल. कोचीची समुद्री सजीव संसाधन संस्था ‘सागर संपदा’ जहाजावरून बरीच वर्षे या कामात आहेच. पण मिशन म्हटले की डोळ्यांपुढे येते ती ‘मत्स्य ६०००’, तीन माणसांना सहा हजार मीटर खाली नेणारी पाणबुडी. माझा तिला विरोध नाही. ती खाली जाईल, तिच्या खिडकीतून भंगुरतारे दिसतील, कदाचित हातात येतील. पुढे त्यांचे काय? त्यांना ओळखणारा तरुण कुठल्या विद्यापीठात, कोणाच्या हाताखाली तयार होतो आहे? तीन वर्षांच्या प्रकल्पावर नेमलेला मुलगा पहिल्या वर्षी शब्दावली शिकतो, दुसऱ्या वर्षी जुने ग्रंथ गोळा करतो, तिसऱ्या वर्षी नोकरी शोधतो. चौथ्या वर्षी तो बँकेत किंवा स्पर्धा परीक्षेच्या वर्गात दिसतो. बरण्या तशाच राहतात.

‘एवढ्यासाठी देशाने निकेल सोडून द्यायचे का?’ असे कोणी विचारील. विजेच्या गाड्यांना कोबाल्ट लागते, हवामानाचे संकट खरे आहे. सोडून द्या असे मी म्हणत नाही. खाणीचा निर्णय राजकीय आहे आणि तो लोकांनी, त्यांच्या प्रतिनिधींनी घ्यायचा आहे. पण निर्णय घेणाऱ्यासमोर दोन्ही बाजूंचे कागद हवेत. आज एका बाजूला टनांचा हिशेब आहे आणि दुसऱ्या बाजूला ‘पर्यावरणावर परिणाम होण्याची शक्यता’ असे गुळमुळीत वाक्य. निनावी प्राण्याची बाजू मांडता येत नाही. त्याचे नाव नसल्यामुळे तो आणखी कुठे सापडतो हेही कळत नाही. तो इतरत्रही हजारो किलोमीटर पसरलेला आहे, की फक्त याच ७५,००० चौरस किलोमीटरमध्ये आहे? नुकसान भरून येणारे आहे की कायमचे, हे या एका प्रश्नावर ठरते. ते सांगणे वर्गीकरण करणाऱ्याशिवाय दुसऱ्या कोणाला जमत नाही.

जैवविविधता कायदा, २००२ मध्ये एक तरतूद आहे: नवी प्रजाती शोधणाऱ्याने ती नेमलेल्या संस्थेला कळवायची आणि नमुना तिथे जमा करायचा. समुद्री जीवांसाठी नेमलेल्या संस्थांत गोव्याचीच संस्था आहे. तरतूद चांगली आहे, पण ती शोध लागल्यानंतरची आहे. शोध लावायला माणूस ठेवा, असे त्यात कुठे म्हटलेले नाही.

म्हणून मागणी सोपी ठेवावी. खनिजांसाठी निघणाऱ्या प्रत्येक सागरी मोहिमेच्या खर्चातला ठरावीक हिस्सा, आधीच बाजूला काढून, त्याच मोहिमेत मिळालेल्या प्राण्यांच्या वर्णनासाठी ठेवा. प्रकल्पाच्या नव्हे, कायमच्या जागांवर वर्गीकरणाचे अभ्यासक नेमा. भंगुरताऱ्यांसाठी दोन, कृमींसाठी चार, स्पंजांसाठी दोन नेमले तरी एका पाणबुडीच्या देखभालीपेक्षा ते स्वस्त पडेल. नमुने जहाजावरच दोन भागांत ठेवा, एक डीएनएसाठी, एक सांगाड्यासाठी. आणि खाणीच्या परवान्याच्या अर्जात एक रकाना घाला: या क्षेत्रातल्या ओळखीच्या प्रजातींची नावे, त्यांचे होलोटाइप कोणत्या संग्रहालयात आणि कोणत्या क्रमांकाने ठेवले आहेत. हा रकाना कोरा असलेला अर्ज, मग तो कितीही मोठ्या कंपनीचा किंवा आपल्याच सरकारचा असो, परत पाठवला पाहिजे.